स्टुडिओच्या पायरीवर धार

आधी अव्वाचं सांगतो. रागाचं नंतर. राग काही कुठं जात नाही, इतकी वर्षं इथंच बसून आहे.

अव्वा म्हणजे कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी आणून दूध विकणारी बाई. माझ्या नात्याची नाही, गावाची नाही, जातीची नाही. तिचं माहेर सीमेकडचं, कानडी बोलणारं, गळ्यात लिंग बांधणारं. तिकडं आईला अव्वा म्हणतात, म्हणून सगळा कट्टाच तिला अव्वा म्हणायचा. मला ती तम्मा म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. मी तिच्या तोंडावर 'अव्वा, तुम्ही' असंच बोलायचो, पण मनात ती कायम 'ती'च होती आणि लिहितानाही तेच येतंय. या शहरात माझ्यासाठी भर रस्त्यात कुणी तोंड उघडलं असेल तर ते तिनं. हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढं मी बऱ्याच लोकांवर चिडणार आहे आणि त्या गर्दीत ती दिसेनाशी व्हायला नको.

मी परभणीकडचा. सातवीत असताना गणिताच्या मास्तरांनी माझी वही खिडकीतून बाहेर फेकली. मी वही आणायला बाहेर गेलो आणि परत वर्गात गेलोच नाही. पुढं दोन-चार गावं हिंडून नव्वद सालानंतर कधीतरी कोल्हापूरला आलो आणि उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत लागलो. ओतीव माल घासायचं काम. दिवसभर ग्राइंडर, नाकातोंडात काळी भुकटी. सुट्टी सोमवारी. त्या सुट्टीचं काय करायचं हे मला सुरुवातीला कळत नव्हतं. खोलीतले बाकीचे झोपायचे किंवा पत्ते खेळायचे. मला झोप यायची नाही. उद्या काम जाईल, परवा खोली जाईल, गावाकडून काहीतरी वाईट निरोप येईल, असं काहीतरी सतत डोक्यात चालू.

मग फोरमनकडून मला कॅमेरा मिळाला. जुना, रशियन, गळ्यात घातला की मान खाली यावी एवढा जड. फोरमनला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि मला तरी कुठं कळत होतं. आतलं उजेड मोजायचं यंत्र बंद होतं. बटण दाबलं की खटाक असा आवाज व्हायचा की समोरचं कुत्रं दचकायचं. पण छत्तीस फोटोंचा रोल मी दोन-दोन महिने पुरवायचो, आणि तेवढे दोन महिने डोक्यातली भुणभुण जरा कमी व्हायची.

रंकाळ्यावर म्हशी धुणारे लोक, मटणाच्या दुकानासमोर रांगेत बसल्यासारखी बसलेली कुत्री, गुळाच्या बाजारात बैलाच्या पाठीवर बसलेला कावळा, हे माझे फोटो. माणसं आपणहून यायची. "पावणं, कुठल्या पेपरातलं?" "पेपरातला नाही." "मग कशाला काढताय?" यावर मी कॅमेऱ्याची काच पुसायला लागायचो. एकदा तालमीसमोर एक पैलवान बकरं उचलून उभा राहिला. "काढा, काढा. बकऱ्याचा नीट यिऊ द्या, माझा कसाबी आला तरी चालतंय." असं हे गाव. मोठ्यानं बोलणारं, आणि तुम्ही बाहेरचे आहात हे चहा पाजता पाजता सांगणारं.

कट्ट्यावर मी गेलो ते दूध प्यायला. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांना सांगायला पाहिजे. गवळी म्हशी घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहतात. गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि त्याच्या डोळ्यांदेखत धार काढून, फेसानं भरलेला ग्लास तसाच कोमट कोमट हातात देतात. मध्ये भांडं नाही, बर्फ नाही, पाणी नाही. विश्वास सगळा तिथं उभ्या असलेल्या म्हशीवर आणि धार काढणाऱ्या हातावर.

अव्वाच्या तीन म्हशी होत्या. दोन साध्या, आणि एक पांढऱ्या कपाळाची, मागं वळलेल्या लांब शिंगांची. ती सगळ्यांत जास्त दूध द्यायची आणि सगळ्यांत जास्त नखरे करायची. अनोळखी माणूस जवळ आला की पान्हा चोरायची, म्हणजे सडात दूध असून खाली सोडायची नाही. मी दोन-तीन महिने नुसताच जात होतो. मग तिला माझी सवय झाली. अव्वाच म्हणाली, "आता वळखती बघ तुला. उगंच खुंट्यागत उभा ऱ्हाऊ नको, काढ काय काढायचं त्ये."

"काढू?"

"काढ. पण कुणाला दिऊ नको. दुभत्या जनावराला नजर लागती."

"नाही देणार, अव्वा."

असा मी शब्द दिला. थंडीतला सोमवार होता. अव्वा उकिडवी बसली होती, कपाळ म्हशीच्या कुशीला टेकलेलं, डोळे मिटलेले, बोटं तेवढी चाललेली. म्हशीच्या नाकातून वाफ. मी चार फोटो काढले. पहिल्या खटाकला म्हशीनं कान हलवला, नंतर तोही नाही. त्या चारांपैकी एक चांगला आलाय हे मला तिथंच कळलं होतं. कसं कळतं ते सांगता येत नाही.

रोल संपल्यावर मी तो नेहमीच्या स्टुडिओत धुवायला टाकला. पापाच्या तिकटीच्या अलीकडं, तीन पायऱ्या, काचेचं दार, आत लग्नाच्या जोडप्यांचे मोठे मोठे फोटो. मालक गुळगुळीत दाढीचा, बोलायला गोड. माझे फोटो बघून तो म्हणायचा, "नजर हाय तुम्हाला, पावणं." मला ते ऐकून आठ दिवस बरं वाटायचं. तेव्हा बरं वाटलं याचाही मला आज राग येतो.

चार-चार फोटोंच्या पट्ट्या कापून निगेटिव्ह पाकिटात घालून द्यायची पद्धत. मी पाकीट उघडलं तर अव्वाची पट्टी नाही.

"ती खराब झाली धुताना," तो म्हणाला. "तुमचा कॅमेरा उजेड खातोय. बघून घ्या."

मी मान हलवली. घरी येऊन कॅमेरा उघडून बसलो. कुठून उजेड जातो ते शोधत राहिलो. काळ्या चिकटपट्टीनं सांधे बंद केले. पुढचे सहा महिने पहाटे फोटो काढायचंच सोडून दिलं, कारण आपल्याला जमत नाही असं वाटलं. त्यानं पट्टी चोरली आणि मी माझ्याच कॅमेऱ्याला पट्ट्या मारत बसलो.

दिवाळी झाल्यावर एका सोमवारी, बऱ्याच दिवसांनी, मी कट्ट्यावर गेलो तर अव्वानं माझ्याकडं पाहिलंच नाही. मी ग्लास मागितला. ती म्हणाली, "तिकडं घे." तिकडं म्हणजे शेजारच्या गवळ्याकडं.

शेजारच्या गवळ्याकडं रांग होती. तीत तालमीतला एक वस्ताद उभा होता. पोरांना कुस्ती शिकवणारा, पन्नाशीचा, मोडक्या कानांचा. हा माणूस वर्षानुवर्षं रोज सकाळी अव्वाकडं लिटरभर दूध प्यायचा. आज त्यानं तोंड दुसरीकडं केलं होतं. आणि रांगेतला एक जण मोठ्यानं बोलत होता, "अव्वा, त्यातला एक घोट आमालाबी पाजा की! बघू तरी आमाला पान्हा फुटतोय का!" सगळे हसले. अव्वा हसली नाही.

कट्ट्यासमोरच्या पेंडीच्या दुकानात गेल्यावर मला कळलं. भिंतीवर कागद चिकटवलेला, चांगला हातभर लांब. त्यावर मी काढलेला फोटो. अव्वाचं टेकलेलं कपाळ, म्हशीचं पांढरं कपाळ, वाफ, सगळं. खाली मोठ्या लाल अक्षरांत कुठल्याशा औषधाचं नाव आणि 'एक घोट पाजा, घागर भरा'. धार काढायच्या आधी म्हशीला पाजायचं, पान्हा सोडायला लावणारं औषध. कोपऱ्यात बारीक अक्षरांत छायाचित्र कुणाचं ते. स्टुडिओवाल्याचं.

फोटो तिथं लागला यात अव्वाला काय घालवावं लागलं ते नीट सांगतो. कट्ट्यावर दूध पिणाऱ्याला एकच गोष्ट पाहिजे असते, की जनावर आपल्या खुशीनं देतंय. औषध पाजून ओढलेलं दूध तिथं कुणी तोंडाला लावत नाही. अव्वानं जन्मात कधी म्हशीला असलं काही पाजलं नव्हतं. आणि आता तिचंच तोंड औषधाच्या बाटलीशेजारी छापून गावभर लागलं होतं. लोक म्हणत होते, तरीच एवढं दूध. महिन्याभरात तिचं निम्मं गिऱ्हाईक गेलं होतं. आणि त्या फोटोला ती फक्त एका माणसासमोर बसली होती. माझ्यासमोर.

मी तडक स्टुडिओत गेलो. म्हणजे तडक निघालो. वाटेत जे जे बोलायचं ठरवलं होतं ते पायऱ्या चढताना संपलं.

"साहेब, ती पट्टी," मी म्हणालो.

"कसली पट्टी?"

"म्हशीची. तुम्ही म्हणालात खराब झाली."

"झालीच होती की. कोल्हापुरात म्हशी काय कमी हायत? तुझीच कशावरनं?" 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. मग तो काउंटरवर ओणवून हळू आवाजात म्हणाला, "तू कुठल्या फौंड्रीत हाईस मला म्हाईत हाय. तुझ्या मालकाच्या पोरीच्या लग्नाचा अल्बम मीच केलाय. फोन लावू? चोरीचा आळ घेतोय म्हणून सांगू?"

"नको साहेब," मी म्हणालो. "माफ करा."

मी त्याची माफी मागितली. हे वाक्य मी आज पंचवीस वर्षांनी लिहितोय, तेही दोनदा खोडून.

त्याच दुपारी मी अव्वाच्या गोठ्यावर गेलो. ती घमेल्यात म्हशींसाठी आंबोण कालवत होती. मला बघून तिनं हात थांबवला नाही.

"अव्वा, मी विकला नाही."

"मग कुणी इकला? माज्या म्हशीनं?"

"धुवायला टाकला होता. त्यानं पट्टी ठेवून घेतली. मला म्हणाला खराब झाली."

"आईची आण?"

"आईची आण."

तिनं घमेलं म्हशीपुढं सरकवलं. मग हात झटकून उठली. "पट्टी म्हंजे काय?"

मी सांगितलं. निगेटिव्ह म्हणजे काय, ते ज्याच्याकडं असतं तो त्यावरून हवे तेवढे फोटो कसे काढू शकतो. अव्वानं पदराला हात पुसले.

"म्हंजे म्हस त्याच्या दावणीला बांधलीया. त्यो रोज धार काढणार."

"हो."

"मग सोडून आणाय पायजे."

"अव्वा, राहू द्या. त्याची ओळख मोठी आहे. माझं काम जाईल."

"तुजं काम जाईल. माजं गिऱ्हाईक गेलंय." ती हे चिडून म्हणाली नाही, नुसतं दोन्ही बाजू मांडाव्यात तसं म्हणाली. "उद्या कामावरनं सुटलास की थेट तिकडं ये. त्यातलं मला काय कळत न्हाय. फोटू तू काढलाईस, तू बोलायचं. बाकी मी बघतो."

तिच्याकडच्या बायका 'बघतो' असंच म्हणतात. मी 'येतो' म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पाचला सुटलो. हातपाय धुतले नाहीत, तसाच काळा निघालो, गळ्यात कॅमेरा. सायकल लांब लावली. लांब का लावली ते तेव्हाही माहीत होतं.

स्टुडिओसमोर गर्दी झाली होती. अव्वाच्या तिन्ही म्हशी पायऱ्यांना लागून उभ्या होत्या. पांढऱ्या कपाळाचीनं तर पुढचा पाय पहिल्या पायरीवर ठेवला होता. काचेच्या दारावर आतून तोच कागद चिकटवलेला. दारात एक नवरा-नवरी अडकून पडलेले, मुंडावळ्या बांधलेले, नवरीच्या आईनं शालूचा काठ वर धरलेला, कारण पायरीवर शेण पडलं होतं.

"ओ बाई, जनावरं हलवा," मालक दारातून ओरडत होता.

"हलवायला न्हाय आणली. कट्टा आज हितं हाय." अव्वानं बादली उलटी घालून त्यावर ग्लास मांडले. "ज्याला दूध प्यायचं त्यानं हितं प्यायचं. सकाळधरनं माज्या गोठ्यावर चार माणसं बसवल्याती, म्हशीला काय पाजलं न्हाय ते बघाय. त्या कागदावर लिवलंय की घोट पाजल्याबिगर दूध येत न्हाय. बघू येतंय का."

"पोलिसाला बोलवीन!"

"बोलव की. त्यालाबी गल्लासभर दीन."

लोक हसले, पण या वेळी अव्वाच्या बाजूनं. मी समोरच्या पानपट्टीपाशी उभा राहिलो. तिथं पुड्यांच्या माळा लोंबत होत्या. त्यांच्या मागं माणूस अर्धा झाकला जातो. मी अर्धा झाकला गेलो.

अव्वा पांढऱ्या कपाळाचीखाली बसली. सड धुतले, ओढू लागली. काही नाही. नवी जागा, हॉर्न, काचेत हलणारी माणसं. म्हशीनं पाठ वाकवली आणि पान्हा चोरला. अव्वा ओढते आहे, ग्लासात आवाज नाही. एक मिनिट, दोन मिनिटं. तुम्हाला काय सांगू ती दोन मिनिटं. दूध आलं नाही तर गावाला कायमचं पटणार होतं की ही बाई औषधावर चालते. यासाठी बाकीच्या दोघींपैकी एकीची धार काढायची होती तिनं, पण फोटोत होती ती हीच.

"अव्वा, बाटली घरी ऱ्हायली वाटतं!" कुणीतरी ओरडलं.

मालक दारातल्या कागदावर बोट ठेवून म्हणाला, "हिकडं बघ म्हणावं म्हशीला. फोटो बघून तरी सोडंल."

केवढा हशा. मला त्या वेळी त्याच्या अंगावर धावून जायचं होतं. मी पानवाल्याकडं एक सुपारी मागितली.

अव्वानं ओढायचं थांबवलं. हात मांडीवर ठेवले. कपाळ म्हशीच्या कुशीला टेकलं आणि तिच्या कानडीत हळू बोलायला लागली. "बा, तायी, बा. कोडव्वा." ये गं आई, दे गं. लहान मुलाला समजावतात तसं. गर्दी आपोआप गप्प झाली. म्हशीनं शेपूट एकदा आपटलं, मान खाली घातली, आणि ग्लासाच्या तळावर चर्र असा आवाज झाला. मग दुसरा. मग लागोपाठ.

वस्ताद गर्दीतून पुढं आला. पहिला ग्लास त्यानं उचलला, उभ्या उभ्या प्यायला, मिशा पुसल्या आणि दुसऱ्या ग्लासासाठी हात पुढं केला. तेवढ्यानं झालं. मागचे लोक पुढं सरकले.

अव्वा उठली. "आता त्ये कागद काढ. आणि त्या पोराची पट्टी दे."

मालकानं कागद काढला. नवरीची आई त्याला म्हणत होती, "आदी ह्यांचं मिटवा ओ, मुहूर्त टळायची वेळ आली." तो आत गेला, पाकीट घेऊन आला आणि अव्वाच्या हातावर टाकलं.

अव्वानं पाकिटातून पट्टी काढली आणि आभाळाकडं धरली. संध्याकाळचा उजेड अजून होता. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ही माजी म्हस न्हवं."

"तुजीच हाय!"

"ही पांढरी हाय. हिचं कपाळ तेवढं काळं हाय. कुणाची म्हस माज्या गळ्यात मारतोस?"

निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं दिसतं आणि पांढऱ्याचं काळं. हे मी तिला सांगायला विसरलो होतो. पट्टी म्हणजे काय, ती कशाला वापरतात, सगळं सांगितलं, पण ती कशी दिसते ते सांगितलं नाही. ज्या बाईला शंभर म्हशींतली आपली म्हैस नुसत्या हंबरण्यावरून कळते, तिला आपलीच म्हैस ओळखता येईना, आणि ते माझ्यामुळं.

मालक पोट धरून हसला. "अडाणी ती अडाणी! निगेटिव्ह असलंच असतंय, बाई!" तो हसला म्हणून सगळे हसले. आत्ता तिचं दूध प्यालेलेही हसले. ओठांवर फेस तसाच.

अव्वा गोंधळली. मी तिला पहिल्यांदा गोंधळलेली पाहिली. तिनं पट्टी हातात तशीच धरून गर्दीकडं तोंड केलं आणि हाक मारली, "तम्मा! आलाईस का रं? ये की म्होरं. सांग, ही हीच म्हस हाय का?"

त्या सबंध गर्दीत याचं उत्तर देऊ शकणारा मी एकटा होतो. बारा पावलं. पंधरा असतील. एक वाक्य बोलायचं होतं, हो अव्वा, हीच. मी पुड्यांच्या माळेमागं आणखी सरकलो. कॅमेरा शर्टाच्या आत घातला.

"तम्मा!"

पानवाल्यानं माझ्याकडं पाहिलं. "तुमाला बोलवत्यात काय ओ, पावणं?"

"नाही," मी म्हणालो.

शेवटी वस्तादानं तिच्या हातातली पट्टी घेतली. डोळे बारीक करून पाहिली. "अव्वा, रंग सोड. शिंगं बघ. असली शिंगं आणि कुणाच्या म्हशीला हायत? आणि ही खाली बसलीया ती तूच की." अव्वानं पुन्हा पाहिलं. मान हलवली. पट्टी पाकिटात घातली, पाकीट पोलक्यात खोचलं, आणि म्हशी वळवल्या. मी तोवर सायकलीपाशी पोचलो होतो.

ती रात्र कशी गेली ते लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी कट्ट्यावर गेलो. जायची लाज होती, पण न जायची भीती जास्त होती. वस्ताद आपल्या जागी होता. अव्वानं मला बघितलं, पाकीट काढून माझ्या हातात दिलं.

"बघ, सगळं हाय का."

मी उघडून पाहिलं. चारही होते. एकावर अव्वाच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता.

"आहे."

ती ग्लास भरत होती. फेस वर येईपर्यंत थांबली, मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "काल सुट्टी उशिरा झाली व्हय रं?"

"व्हय," मी म्हणालो. जन्मात पहिल्यांदा मी तिच्या बोलीत बोललो, ते खोटं बोलायला.

"असू दे," ती म्हणाली आणि ग्लास माझ्या हातात दिला. मी तो प्यालो. तिनं मला पानपट्टीपाशी बघितलं होतं की नव्हतं, हे मला आजपर्यंत माहीत नाही. बघितलं असेल आणि तरी मला सबब तिनंच पुरवली असेल, तर ते जास्त वाईट. कधी वाटतं, ते जास्त चांगलं.

स्टुडिओवाल्यानं माझ्या मालकाला फोन केला नाही. कधीच केला नाही. महिनाभर मी रोज वाट बघितली, ऑफिसातून कुणी हाक मारली की ग्राइंडर हातातून सुटायचा. नंतर कळलं की मालकाच्या मुलीचं लग्न बेळगावला झालं होतं आणि अल्बमही तिकडच्याच माणसानं केला होता. एका थापेला मी भ्यालो. त्या माणसावर माझा राग आहे, तो राहू दे. हसणाऱ्यांवर आहे. शिकलेल्यांवर आहे, जे 'अडाणी' हा शब्द खिशात घेऊन फिरतात आणि संधी मिळाली की काढतात. पण या सगळ्यांवरचा राग खर्च करूनही जो उरतो तो मी कुणाला देऊ?

पुढं मी तिचे आणि म्हशींचे खूप फोटो काढले. ती हसून काढू द्यायची. पांढऱ्या कपाळाची म्हातारी होऊन गेली. माझं लग्न झालं, मी इथंच राहिलो, फौंड्री सुटली, दुसरं काम मिळालं. दोन हजार सालानंतर काही वर्षांनी अव्वाचे गुडघे गेले आणि तिनं उरलेल्या म्हशी विकून नेसरीकडं लेकीच्या घरी बस्तान हलवलं. जाताना म्हणाली, "ये की रं कदी." मी येतो म्हणालो.

अजून गेलो नाही. दोनदा स्टँडवर जाऊन नेसरीच्या वाटेवरची गडहिंग्लजची गाडी बघून परत आलोय. एकदा गाडीत बसून खाली उतरलोय.

पण जाणार आहे. तिच्या लेकीच्या दारात, शेजारपाजारचे लोक ऐकतील अशा आवाजात सांगणार आहे, की अव्वा, त्या संध्याकाळी मी सुटलो होतो, वेळेवर आलो होतो, समोर पानपट्टीत उभा होतो, तुमच्या दोन्ही हाका मला ऐकू आल्या होत्या. मग ती शिव्या देईल त्या घेईन, घरात घेतलं नाही तर अंगणात बसेन. आणि तिनं काहीही काम सांगू दे, गोठा झाडायचं, दवाखान्यात न्यायचं, भांडायला पुढं उभं राहायचं, पहिल्या हाकेला उठेन. तिचं वय झालंय, मला उशीर करून चालणार नाही, हे मला कळतं. या सोमवारी नाही जमलं तर पुढच्या. जाणार आहे, अव्वा.